जिजींचं पूर्ण नाव

माझ्या घरातून माझ्याआधी कॉलेजात गेलेला माणूस एकच, माझे वडील. आणि तेही कॉलेजच्या नव्या इमारतीवर विटा वाहायला. त्याच इमारतीत बसून मी पुढं बी.एस्सी. झाले, नगरला राहून लॅबचा डिप्लोमा केला आणि मिरजगावला हायवेलगतच्या एका खाजगी दवाखान्यात टेक्निशियन म्हणून लागले. माझी आई शेवटपर्यंत लोकांना सांगायची, "आमची पोरगी रगात काढायच्या हापिसात हाय." मला त्यात कधी कमीपणा वाटला नाही. रिटायर होईपर्यंत मी त्याच हापिसात होते.

दिवाळी अंकासाठी कामाचे अनुभव लिहा म्हटल्यावर लोकांना वाटतं, लॅबवाल्या बाईकडं आजारांच्या एकेक गोष्टी असतील. असतात. पण त्या सांगायच्या नसतात. म्हणून मी माझ्याकडं शिकायला येणाऱ्या पोरांचं सांगते. त्यातली एक गोष्ट पेशंटचीही आहे, पण ती मी त्या पेशंटला विचारून लिहितेय.

शाळांमध्ये व्यवसाय शिक्षण सुरू झालं आणि अकरावी-बारावीची मुलं आमच्याकडं इंटर्नशिपला यायला लागली. शाळेचे सर पहिल्यांदा आले ते दोन छापील पानं घेऊनच. वर लिहिलं होतं, 'विद्यार्थ्यांकडून अपेक्षा व जबाबदाऱ्या'. वेळेवर यावे, गणवेश स्वच्छ असावा, मोबाईल वापरू नये, वडीलधाऱ्यांशी नम्रपणे बोलावे, रोजची डायरी लिहावी. शेवटी जाड अक्षरांत, आस्थापनेची तक्रार आल्यास इंटर्नशिप रद्द समजण्यात येईल. आस्थापना म्हणजे आम्ही. एवढा मोठा शब्द माझ्या दहा बाय बाराच्या खोलीला आधी कुणी वापरला नव्हता.

खरं सांगायचं तर पहिल्या वर्षी मी त्या पानांवर सही केली आणि आलेल्या पोराला महिनाभर चहा आणायला लावला. रक्त बघून चक्कर येईल, काहीतरी फोडेल, त्यापेक्षा टपरीवर जाऊन आलेलं बरं, असा माझा हिशेब. महिना संपल्यावर फॉर्मवर 'उत्तम' लिहून दिलं. पोरगा गुणी होता, आडवा शब्द बोलला नाही. जाताना एवढंच म्हणाला, "मॅडम, ते गोल फिरणारं मशीन काय करतं, ते शेवटच्या दिवशी तरी सांगा." मी सांगितलं, पाच मिनिटांत. त्या पाच मिनिटांसाठी तो तीस दिवस थांबला होता. आजही तो मोटारसायकलवरून जाताना मला हात करतो आणि मला आधी चहाची किटलीच आठवते. माझ्याकडून कुणी काय अपेक्षा ठेवावी, हे त्या दोन पानांत कुठंच नव्हतं आणि मलाही ते विचारावंसं वाटलं नव्हतं.

दुसऱ्या वर्षी मी सुधारले, तर आलेल्या पोराने एका पुढाऱ्याला कावीळ झाल्याची बातमी संध्याकाळपर्यंत यष्टी स्टँडवर पोचवली. पुढारी दुसऱ्या दिवशी दवाखान्यात आले, पिवळ्या डोळ्यांनी आमच्यावर लाल झाले. त्यानंतर मी माझे स्वतःचे नियम केले आणि पोरं आली की पहिल्या दिवशी सरांच्या कागदाआधी तेच सांगायला लागले. सुईला आणि रक्ताला हात लावायचा नाही, ते माझं काम. इथं जे वाचलं ते इथंच सोडून घरी जायचं. आणि खुर्चीत बसणाऱ्या प्रत्येकाला त्याचं पूर्ण नाव विचारायचं, मग तुमचा बाप येऊन बसला तरी.

पोरं या तिसऱ्या नियमाला हसायची. बापाला काय नाव विचारायचं? पण बाहेरच्यांना म्हणून सांगते, आमच्या कामाचा सगळा जीव त्यात आहे. माणूस खुर्चीत असतो तोवर तो तुकाराम असतो, सलीम असतो. रक्त एकदा ट्यूबमध्ये गेलं की त्याला चेहरा नसतो. सगळ्यांचं सारखंच लाल. त्यानंतर तो माणूस कोण, हे सांगायला फक्त बोटभर लेबल असतं. मशीन कितीही महागाचं आणा, लेबल चुकलं तर ते अगदी अचूक आकडा दुसऱ्याच माणसाच्या नावावर देतं.

मुस्कान आली ती याच्या तीन वर्षांनंतर. मिरजगावपासून जवळच्याच एका खेड्यातली, अकरावीची. वडील शिलाई मशीन चालवायचे. घरात दहावीच्या पुढं गेलेली तीच पहिली. त्यामुळं माझा जीव तिच्यावर जरा जास्तच होता, आणि जास्त जीव असला की मी जास्त रागावते. पोरगी हुशार. अक्षर छापल्यासारखं. पहिल्या आठवड्यातच मी नाव विचारून लेबल लिहायचं काम तिच्याकडं दिलं. ती लेबल लिहून ट्यूबला चिकटवायची, पेशंटला खुर्चीत बसवायची, मी रक्त काढायचे.

तो बाजारचा दिवस होता आणि परवावर घटस्थापना आलेली. बाजारच्या दिवशी आसपासच्या खेड्यांतली माणसं बाजार आणि दवाखाना एका फेरीत उरकतात. बाकावर अकरा जणं. त्यात दोन म्हाताऱ्या जावा आल्या. थोरलीला आख्खं गाव जिजी म्हणतं. धाकटी तिच्या सावलीसारखी मागं. दोघींनाही चालताना पायात आग होते, मध्येच गरगरतं, म्हणून डॉक्टरांनी दोघींची साखर तपासायला सांगितली होती. चिठ्ठ्या दोन्ही जिजींच्याच हातात. गाव एक, आडनाव एक, नावं वेगळी. एकीवर इंदुबाई, दुसरीवर कौसाबाई.

जिजींनी मुस्कानला पाहिलं आणि दवाखाना घर असल्यासारखा आवाज चढवला. "अगं बया! सायबा टेलरची पोरगी न्हवं का ही? मुस्काने, तू कवा डाक्टरीन झाली?"

"डाक्टरीन न्हाई वो जिजी, शिकतीय."

"शिक, शिक. आमाला दुखवू नको म्हंजी झालं."

जिजींचं घर मुस्कानच्या घरासमोरच. ती लहानपणी जिजींच्या ओट्यावर वाढलेली, आणि दर ईदला शीरखुर्म्याचा डबा घेऊन तीच समोर जायची. आता तुम्ही सांगा, या बाईला 'पूर्ण नाव सांगा' असं कसं विचारायचं? पूर्ण नाव म्हणजे मधे नवऱ्याचं नाव आलं. जिजींच्या वयाच्या बायका ते तोंडावाटे काढत नाहीत. म्हणजे चारचौघांत, बाकावरच्या पुरुषांसमोर त्यांना लाजवायचं. सरांच्या कागदात तर स्पष्ट लिहिलेलं, वडीलधाऱ्यांशी नम्रपणे बोलावे. मुस्कानने नम्रपणा केला. जिजींना जिजींशिवाय दुसरं नाव आहे हेच तिला कधी कळायचं कारण पडलं नव्हतं, आणि धाकटीला गल्लीत सगळे काकीच म्हणायचे. जिजींच्या हातात वरची चिठ्ठी इंदुबाईंची होती, तेव्हा जिजी म्हणजेच इंदुबाई असं तिनं धरलं, लेबल लिहिलं, चिकटवलं आणि जिजींना खुर्चीत बसवलं.

"ह्या कोण?" मी सुई उघडता उघडता विचारलं.

"इंदुबाई," मुस्कान म्हणाली.

खरं तर मी पेशंटला विचारायला हवं होतं. तो माझाच नियम. पण बाकावर अकरा जणं होती, पोरीचं काम चोख होतं, आणि जिजी छताकडं बघत देवाचं नाव घेत होत्या. मी रक्त काढलं. मग धाकटीचं काढलं, कौसाबाईंच्या नावाने.

तासाभरात रिपोर्ट झाले. इंदुबाईंच्या नावावर साखर तीनशेच्या वर. कौसाबाईंची अगदी पोरीबाळींसारखी. दोघी जावा डॉक्टरांकडं जाऊन आल्या, इंदुबाईंना गोळ्या लिहून मिळाल्या, त्यांनी मेडिकलमधून घेतल्या. मी शेवटच्या दोन पेशंटांत गुंतले होते. दाराशी जिजींचा आवाज ऐकू आला, "इंदे, चपला घाल, बाजार उठंल." मला तो फक्त ऐकू आला. मुस्कानला तो कळला.

ती बेसिन घासायला लागली. स्वच्छ बेसिन तिनं दोनदा घासलं. मला वाटलं पोरीला बरं नसेल. पाव तास तसाच गेला. मग ती माझ्या टेबलापुढं येऊन उभी राहिली, हात ओले, ओठ पांढरे.

"मॅडम, जिजी इंदुबाई न्हाईत. दुसऱ्या इंदुबाई हायेत. मी नावच इचारलं न्हाई."

मला आधी समजलंच नाही. मग दोन्ही रिपोर्ट पुढं ओढले. म्हणजे तीनशे साखर होती ती जिजींना, आणि गोळ्या मिळाल्या धाकटीला. जिजी 'आपल्याला काही नाही' म्हणून मोकळ्या सुटल्या होत्या. आणि ज्या बाईची साखर चांगली, तिला साखर उतरवायच्या गोळ्या, आणि परवापासून नऊ दिवसांचे उपास. या भागातल्या बायका उपास करतात म्हणजे खरा करतात, दोन खजूर आणि पाण्यावर. उपाशी पोटी, साखर नसताना त्या गोळ्या घेतल्या की माणूस बसल्या जागी कोसळतो. त्या वयात तर पुन्हा उठेलच याची खात्री नाही.

मी डॉक्टरांच्या केबिनमध्ये गेले. सांगितलं. मुस्कान माझ्या मागं दारात. डॉक्टरांनी हातातलं पेन खाली ठेवलं. मग मुस्कानकडं न बघता मला म्हणाले, "बाई, सुई कुणाच्या हातात होती?"

"माझ्या."

"मग आधी त्यांना शोधा. बाकीचं नंतर."

चिठ्ठीवर मोबाईल नंबर होता तो चाकणला कंपनीत असलेल्या इंदुबाईंच्या मुलाचा, आणि तो काही उचलेना. मी ॲप्रन तसाच घालून निघाले. मुस्कान पुढं पळत होती. बाजारात नऊवारीतल्या म्हाताऱ्या काय एक-दोन असतात? आम्ही भगर-राजगिऱ्याच्या दुकानात पाहिलं, रताळ्यांच्या ढिगाशी पाहिलं, घटांची मडकी विकणारीला विचारलं. ती म्हणाली, "व्हय, दोघी हुत्या. एक लई हासत हुती, एक रडक्या तोंडाची." त्यावरून मला पुढचं कळलं. हसणारी जिथं जाईल तिथं आम्ही गेलो.

स्टँडच्या कोपऱ्यावर जिलेबीवाला बसतो. त्याच्या शेजारी सावलीत जिजी पाय पसरून बसल्या होत्या, मांडीवर कागद, कागदात पाव किलो गरम जिलेबी. शेजारी इंदुबाई, पदराने डोळे पुसत. त्यांच्या तळहातावर गोळ्यांची पट्टी.

"जिजी! जिलेबी टाका!" मुस्कान लांबूनच ओरडली. आख्खं स्टँड वळून बघायला लागलं.

"का गं? इख हाय का त्यात?"

"तुमच्यासाठी हाय!" असं म्हणून तिनं त्यांच्या हातातली अर्धी खाल्लेली जिलेबी हिसकावलीच. जिजींच्या हातातलं काढून घेणारं माणूस गावात तोवर जन्मलं नव्हतं.

मी इंदुबाईंपुढं बसले. "गोळी घेतली का?"

"न्हाई अजून," त्या म्हणाल्या. "जिजी म्हनल्या, घरी गेल्यावर दोघी अर्धी-अर्धी खाऊ."

"अर्धी?"

"मग?" जिजी म्हणाल्या. "ती एकलीच कशाला औशीद खाईल? चाळीस वर्सं भाकरी वाटून खाल्ली आमी. म्हनलं, जिलेबी तू खा न्हाईतर नको खाऊ, पर गोळी आपुन वाटून घेऊ. तेवढंच तिला बरं वाटंल."

मला तिथं रस्त्यावर बसून हसू आलं आणि रडूही. पट्टी उलटून पाहिली. दहाच्या दहा गोळ्या जागेवर. माझा जीव भांड्यात पडला म्हणतात तसा पडला, आवाज मलाच ऐकू आला. जिलेबीवाल्याने न मागता पाण्याचा तांब्या पुढं केला.

मी त्यांना नीट सांगितलं. नावांची अदलाबदल झाली, चूक आमची, गोळ्या कुणीच घ्यायच्या नाहीत, उद्या सकाळी उपाशी पोटी दोघींनी परत यायचं, पुन्हा रक्त काढू. कारण झालेल्या ट्यूबवरचं लेबल अंदाजाने बदलायचं नसतं. 'ही तिची असणार' म्हणूनच तर हे घडलं होतं.

इंदुबाईंना एवढंच कळलं की आपल्याला बहुतेक काही नाही. त्यांचे डोळे कोरडे झाले. जिजी मात्र मुस्कानकडं बघत राहिल्या.

"मुस्काने, नाव का न्हाई इचारलं?"

"तुमचं नाव कसं इचारू, जिजी? तुमी लाजला असता."

"अगं येडे, इचारल्यानं माझं नाव झिजतं का काय?" मग कागद गुंडाळून तिच्या हातात दिला. "घे. ही तूच खा. रडायचं बंद कर."

(या लेखासाठी परवानगी मागायला मी जिजींकडं गेले तेव्हा त्या म्हणाल्या, "लिही की. पर जिलेबीचं लिहू नको." जिलेबी काढली तर गोष्टच राहत नाही, म्हणून मी दुसऱ्यांदा गेले. दुसऱ्यांदा म्हणाल्या, "मग पाव किलो लिहू नको, छटाक लिही." एवढं मात्र मला जमलं नाही.)

दुसऱ्या दिवशी सकाळी सातलाच दोघी हजर. मुस्कान माझ्याही आधी येऊन बसली होती. रात्री झोपली नव्हती हे डोळ्यांवरून दिसत होतं. तिला वाटत होतं, आज सर येतील, फॉर्म फाडतील, आणि आपलं लॅबचं शिक्षण इथंच संपेल. मी लेबलांचा रोल तिच्या पुढं सरकवला.

जिजी खुर्चीत बसल्या. बाकावर चार माणसं होती, त्यात दोन त्यांच्याच गावातली. मुस्कानने पेन उघडलं. लेबल समोर धरून तिनं विचारलं.

"जिजी, तुमचं पूर्ण नाव सांगा."

"कौसाबाई," जिजी म्हणाल्या आणि थांबल्या.

मुस्कानही थांबली. जिजींनी जावेकडं पाहिलं, म्हणजे तू सांग. पण इंदुबाई कशा सांगतील? जिजींचा नवरा म्हणजे त्यांचे भाया, थोरले दीर, त्यांचंही नाव धाकटीने घ्यायचं नसतं. त्यांनी पदर तोंडाला लावला. बाकावरचा गावातला एक माणूस म्हणाला, "मी सांगतो की, लिही पोरी."

"न्हाई," मुस्कान म्हणाली. "जिजींनीच सांगायचं."

 मी सुई हातात घेऊन उभी. मनात म्हटलं, आता ही म्हातारी उठून जाते. जिजी खिडकीतून हायवेकडं बघत होत्या. त्यांच्या नवऱ्याला जाऊन नऊ वर्षं झाली होती. मग त्यांनी मान खाली घातली आणि ते नाव घेतलं. अगदी हळू, पण स्पष्ट. पाठोपाठ आडनाव.

मुस्कानने लिहिलं, मोठ्याने वाचून दाखवलं आणि विचारलं, "बरोबर?"

"व्हय," जिजी म्हणाल्या. आणि जरा थांबून, "ऐकाय बरं वाटलं गं. लई दिसांनी."

ते नाव मी इथं लिहिणार नाही. ते त्या दिवशीच्या रजिस्टरात आहे.

जिजींची साखर खरोखरच जास्त निघाली, इंदुबाईंची अगदी चांगली. गोळ्या योग्य बाईला मिळाल्या. डॉक्टरांनी जिजींना उपास बंद सांगितले तेव्हा त्यांनी ते जावेवर सोपवले. "माझे बी तूच कर. हे मात्र वाटून नको." पुढच्या ईदला मुस्कानच्या घरून डबा गेला तो बिनसाखरेचा, दूध आणि सुकामेव्याचा. जिजींनी त्याला अजून माफ केलेलं नाही.

महिन्याच्या शेवटी सर फॉर्म घेऊन आले. शेऱ्याच्या चौकोनात मी दोन चुका लिहिल्या. पहिली मुस्कानची, नाव विचारलं नाही. दुसरी माझी, मीही विचारलं नाही. खाली लिहिलं, विद्यार्थिनीने चूक लपवता येत असताना स्वतः येऊन सांगितली, त्यामुळे दोन माणसं वाचली. या कामाला हीच मुलगी हवी. सरांनी ते दोनदा वाचलं. "मॅडम, ही तक्रार समजायची का काय समजायचं?"

"तुम्हाला काय समजायचं ते समजा," मी म्हटलं. "पण तुमच्या कागदात एक ओळ वाढवा. चूक झाली तर हात धुवायच्या आधी सांगावी. आणि दुसऱ्या पानावर आमच्यासाठी लिहा, सांगणाऱ्यावर ओरडू नये." ती ओळ वाढवली की नाही मला माहीत नाही. मी आमच्या भिंतीवर मात्र लिहून लावली.

पाव तास ती गप्प राहिली होती, याचा विचार मी पुष्कळ केला. मी रागीट नसते तर तो पाव तासही गेला नसता. त्या काळात मी रागावणं म्हणजेच शिकवणं समजायचे. तेवढं एक मात्र माझ्या मनाला लागून राहिलंय.

मी रिटायर झाले. मुस्कानने बारावीनंतर डिप्लोमा केला आणि आता माझ्याच खुर्चीवर ती आहे. मागच्या महिन्यात मलाच थकवा यायला लागला म्हणून मी रक्त तपासायला गेले. बाजारचा दिवस, बाक भरलेला. माझा नंबर आला. मी बाही वर करून बसले, हात पुढं केला. मुस्कानने लेबल घेतलं, पेन उघडलं आणि माझ्याकडं बघितलं.

"पूर्ण नाव सांगा, मॅडम."

आणि माझ्या तोंडून काय निघावं? "अगं, मला ओळखत नाहीस का?"

"ओळखते," ती म्हणाली, "म्हणूनच विचारते."

मी नाव सांगितलं, नवऱ्याचं सांगितलं, आडनाव सांगितलं. तिनं लिहिलं, वाचून दाखवलं, मी 'बरोबर' म्हटल्यावरच सुई उघडली. सुई टोचली तेही मला कळलं नाही, इतकी मी निवांत बसले होते.